ठाण्याहून मालगुंड: केशवसुतांच्या गावातली पायी फेरी, नेहमीच्या चुका टाळून

‘मालगुंडला जाऊन आलो’ असं कोणी सांगितलं की मी एकच विचारतो, किती वाजता पोचलात? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘दुपारी, गणपतीपुळ्याचं दर्शन आटोपल्यावर.’ पुढचं मला पाठ आहे. पोटभर जेवण झालेलं, ऊन टळटळीत, मुलं गाडीतून उतरायला तयार नाहीत, केशवसुतांच्या स्मारकात वीस मिनिटं, दारापाशी एक फोटो, आणि बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. एवढ्यासाठी ठाण्याहून सव्वातीनशे किलोमीटर जायचं कारण नव्हतं.

आमच्या नौपाड्यातल्या वाचकांच्या गटाला घेऊन मी ही फेरी काही वेळा केली आहे, आणि पहिल्या खेपेला स्वतः सगळं चुकवलं आहे. ही फेरी मालगुंडात बिघडत नाही. ती ठाण्यातच, तारीख आणि क्रम ठरवताना बिघडते. म्हणून या लेखाचा निम्मा भाग घर सोडायच्या आधीचा आहे. तो गाळून थेट पाचव्या टप्प्यावर उडी मारू नका.

केशवसुत कोण, हे इथे सांगत बसत नाही. शाळेत वाचलेले कृष्णाजी केशव दामले, १८६६ साली मालगुंडात जन्मलेले, एवढं पुरे.

१. दिवस ठरवा: आधी तिथी, मग वार

लोक आधी शनिवार-रविवार धरतात आणि मग त्यात सगळं कोंबतात. उलटं करा. कॅलेंडर काढा आणि तिथी बघा, कारण या फेरीचा शेवटचा टप्पा समुद्राच्या पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून आहे आणि समुद्र तुमच्या सुट्टीवर चालत नाही.

कोकणात भरतीचा जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणपट करा, येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, आणि तिथून साधारण सहा तास पुढे-मागे सुकती (पूर्ण ओहोटी), म्हणजे नऊच्या आसपास. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी पार वर चढलेलं. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आत-बाहेर भरती आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला पाणी दूर गेलेलं.

आपल्याला पुळणीवर चालायचं आहे संध्याकाळी पाचच्या सुमाराला. म्हणजे त्रयोदशी ते प्रतिपदा एवढ्या तिथी सोयीच्या. यातला एखादा दिवस शनिवारी येतो का बघा. दर पंधरवड्याला ही संधी असते, त्यामुळे दोन महिन्यांत एखादा शनिवार सापडतोच. हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. जायच्या आठवड्यात रत्नागिरीच्या भरती-ओहोटीच्या वेळा इंटरनेटवर एकदा पडताळून घ्या.

पौर्णिमेच्या बाजूला दिवस धरत असाल तर पाठोपाठ येणारी संकष्टी सांभाळा. संकष्टीला गणपतीपुळ्याला गर्दी असते, आणि ती मंगळवारी आली, म्हणजे अंगारकी असली, तर त्या दिवसाचं नावच काढू नका. नाताळ ते ३१ डिसेंबर आणि दिवाळीनंतरचा आठवडाही सोडा.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात आंबे मिळतात हे खरं, पण अंगाची इतकी चिकचिक होते की कविता कुठली सुचायला. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, आणि जांभ्या दगडाच्या पाखाड्यांवर, म्हणजे पायवाटांवर, शेवाळ धरतं. गटात साठीच्या पुढची माणसं असतील तर पावसाळा नकोच.

तपासा: तिथी त्रयोदशी ते प्रतिपदा? संकष्टी नाही? लागून मोठी सुट्टी नाही? तिन्हींना होकार असेल तरच पुढे.

२. तिकीट: रात्री साडेबाराची गाडी आणि तारखेचा घोळ

केशवसुतांच्या गावी जायला त्यांच्याच कवितेचं नाव असलेली गाडी आहे. दादर-सावंतवाडी राज्यराणी एक्स्प्रेसचं नाव २०१७ साली तुतारी एक्स्प्रेस झालं. आपल्या कामाला ती सगळ्यात बरी, कारण रत्नागिरीला सकाळी उजाडल्यावर सोडते. कोकणकन्याही त्याच रात्री ठाण्याहून जाते, पण ती रत्नागिरीला पहाटे अंधारात पोचते आणि मग बाकावर डुलक्या काढत बसावं लागतं.

आता घोळ बघा. कोकणकन्या ठाण्याला रात्री बाराच्या आत येते. तुतारी दादरहूनच १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते, म्हणजे ठाण्याला येईपर्यंत साडेबाराच्या आसपास. आपल्या बोलण्यात दोन्ही ‘शुक्रवार रात्रीच्या’ गाड्या. रेल्वेच्या हिशोबात मात्र कोकणकन्या शुक्रवारची आणि तुतारी शनिवारची.

पहिल्या वेळी मी दहा जणांची तिकिटं शुक्रवारची काढली. शुक्रवारी रात्री आम्ही थाटात फलाटावर, पिशव्या, थर्मास, बेसनाचे लाडू. डब्यात शिरलो तर आमच्या बर्थवर माणसं झोपलेली. टीसींनी चष्मा वर करून तिकीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, ‘काका, ही गाडी काल गेली.’ काल, म्हणजे गुरुवारी जेवून आम्ही घरात झोपलो होतो तेव्हा. चूक पूर्ण माझी. त्या रात्री आम्ही लाडू स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर बसून खाल्ले आणि रिक्षाने घरी गेलो.

तर लक्षात ठेवा: शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तुतारीचं तिकीट शनिवारच्या तारखेचं. गटातल्या सगळ्यांना निरोप पाठवताना मात्र ‘शुक्रवारी रात्री १२ वाजता ठाणे स्टेशनवर हजर’ असं लिहा. नुसती तिकिटावरची तारीख पाठवलीत तर कोणीतरी शनिवारी रात्री येऊन उभं राहील.

तिकिटाबाबत आणखी काही गोष्टी:

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. हिवाळ्यातल्या शनिवारी कोकणच्या गाड्या भराभर भरतात, तेव्हा पहिल्याच दिवशी सकाळी बसा.

एका तिकिटावर जास्तीत जास्त ६ प्रवासी बसतात, तत्काळमध्ये ४. दहा जणांची दोन-तीन तिकिटं होणारच. ती काढतानाच ज्येष्ठांना वेगळं करा, कारण खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा तिकिटावर एक किंवा दोनच जण असतील तर मिळतो. आजी-आजोबांना सहा जणांच्या तिकिटात घातलंत की त्यांना वरचा बर्थ आलाच म्हणून समजा, आणि मग रात्री एक वाजता डब्यात अदलाबदलीची विनवणी सुरू.

चढण्याचं स्टेशन ठाणेच टाका. कोणी दादरपासून तिकीट काढलं असेल तर बोर्डिंग पॉइंट बदलून घ्या, नाहीतर तुम्ही आला नाहीत असं धरून बर्थ दुसऱ्याला जाऊ शकतो. नवी मुंबईतल्या मंडळींनी पनवेलहून चढावं. वाशी-नेरुळहून रात्री ठाण्याला येऊन पुन्हा त्याच दिशेला उलटं जाण्यात काही हशील नाही.

परतीचं तिकीट त्याच बैठकीत काढा. रविवारी संध्याकाळची जनशताब्दी सोयीची. दुपारची मांडवी मिळाली तर तीही चांगली, तिच्यात खाण्याची चंगळ असते. पण मांडवी धरली तर रविवारची सकाळ लहान होते, हे आधी सगळ्यांना सांगून ठेवा.

३. निघण्याआधी ठाण्यात करायची कामं

कविता आधी वाचा. हे कोणी करत नाही आणि म्हणून स्मारकात लोक दगडावरच्या ओळी बघून ‘छान आहे’ म्हणतात आणि पुढे सरकतात. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात किंवा तुमच्या जवळच्या वाचनालयात केशवसुतांच्या कवितांचं पुस्तक मिळेल. (हे ग्रंथालय १८९३ सालचं, ‘तुतारी’ कविताही १८९३ चीच. गटात हे सांगितलं की पोरं जरा कान टवकारतात.) सगळं पुस्तक नको. तीन कविता पुरे: ‘तुतारी’, ‘आम्ही कोण?’ आणि ‘झपूर्झा’. तीन जणांना एकेक वाटून द्या आणि घरी मोठ्याने वाचून यायला सांगा.

‘आम्ही कोण?’ वाचणाऱ्याला एक सूचना जरूर द्या. ते सुनीत आहे, १४ ओळींचं, शार्दूलविक्रीडित वृत्तातलं. प्रत्येक ओळीत १९ अक्षरं, आणि बाराव्या अक्षरानंतर थांबा. हा थांबा न घेता वाचलं की कविता बातमीसारखी ऐकू येते. पेन्सिलीने बाराव्या अक्षरापाशी एक उभी रेघ मारून द्या. आमच्या गटातल्या एका काकूंनी रेघांवर थांबत ती पहिल्यांदा वाचली, तेव्हा दहावीत पाठ केलेली हीच का ती, असं शेजारच्याला वाटलं. पाठ त्याने केली होती, ऐकली नव्हती.

पायांची तयारी. सगळी चाल मिळून पाच-सहा किलोमीटरच आहे, पण त्यातली काही वाळूत. वाळूत एक किलोमीटर म्हणजे डांबरी रस्त्यावरच्या दीड-दोनएवढा दम लागतो. आठवडाभर आधी संध्याकाळी तलावपाळीला किंवा उपवनला न थांबता पाऊण तास चाला. ज्याला हे जमत नाही त्याला पुळणीऐवजी रिक्षाने पाठवायचं, हे ठाण्यातच ठरवा. तिथे ऐनवेळी ठरवलं की माणूस ओशाळतो आणि हट्टाने चालतो.

नवे बूट घालून येऊ नका. पट्ट्याच्या सँडल सगळ्यात चांगल्या: स्मारकात आणि देवळात पटकन निघतात, वाळूत झटकता येतात. नाडीवाले बूट दिवसातून चार वेळा सोडायचे-बांधायचे म्हणजे शिक्षा.

दोन फोन. पहिला फोन स्मारकाला: त्या दिवशी उघडं आहे का, किती ते किती, आणि एखादा कार्यक्रम नाही ना. गट वीसच्या वर असेल तर आकडाही कळवा. दुसरा फोन जेवणाच्या घराला. मालगुंडात आणि पुळ्यात घरगुती जेवण देणारे बरेच आहेत, पण ते तुमच्यासाठी वेगळी डाळ शिजवतात, भांड्यात तयार ठेवत नाहीत. शाकाहारी किती, मासे खाणारे किती, हा आकडा आदल्या दिवशी द्या. उकडीचे मोदक हवे असतील तर तेही तेव्हाच सांगा. सकाळी साडेअकराला फोन करून ‘पंधरा मोदक होतील का’ विचारणाऱ्याला मिळणारं उत्तर मी इथे छापत नाही.

रोख पैसे. गावात यूपीआय चालतं, पण रेंज कधी दगा देईल सांगता येत नाही. माणशी पाचशे रुपये सुट्टे ठेवा. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या.

४. रत्नागिरी ते मालगुंड: पुळ्याला उतरायचं नाही

गाडी सकाळी सातच्या आसपास रत्नागिरीला येते. स्टेशन शहराबाहेर, कुवारबावला आहे. तिथून एसटी स्टँड चालत जाण्याजोगा नाही, रिक्षा किंवा शहर बस घ्यावी लागते. चार-पाच जण असाल तर स्टेशनवरूनच मालगुंडपर्यंत रिक्षा किंवा गाडी ठरवणं सोपं. भाव उतरण्याआधी नव्हे, बसण्याआधी ठरवा.

रस्ते दोन आहेत. एक महामार्गाने निवळी फाट्यावरून आत, दुसरा शहरातून आरे-वारे मार्गे किनाऱ्याकिनाऱ्याने. जवळचा दुसरा, साधारण पंचवीस किलोमीटर. ड्रायव्हरला ‘आरे-वारेने घ्या’ असं स्पष्ट सांगा. चढ-उतार आणि वळणं आहेत, तेव्हा ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं आणि नाश्ता पोचल्यावरच करावा. आरे-वारेच्या वरच्या वळणावरून खाली दोन्ही पुळणी दिसतात, तिथे पाच मिनिटं थांबा. पाचच. तिथे खाली उतरलात की तास गेला.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या रस्त्याने गणपतीपुळे आधी येतं आणि मालगुंड दोनेक किलोमीटर पुढे, उत्तरेला. सगळे इथेच घसरतात. ‘वाटेत आहेच तर आधी दर्शन घेऊन टाकू.’ घेऊन टाकू म्हणता म्हणता रांग, नारळ, पेढे, मग समुद्र, मग चहा, आणि साडेबारा. पुळ्याला उतरू नका. गाडीतूनच हात जोडा आणि संध्याकाळी येतो म्हणून सांगा. बाप्पाला घाई नसते.

एसटीने जात असाल तर कंडक्टरला तिकीट मालगुंडचं मागा. पुळ्यापर्यंतच जाणाऱ्या गाडीत बसलात तर पुढे रिक्षा करावी लागेल, आणि गट एकदा खाली उतरला की पुन्हा गोळा होत नाही.

मुक्कामाच्या जागी सकाळी खोली मिळेल असं धरून चालू नका. आदल्या दिवशी एवढंच विचारून ठेवा: सामान ठेवायला जागा आणि तोंड धुवायला दोन खोल्या मिळतील का. बहुतेक जण हो म्हणतात.

इशारा: रत्नागिरीत उतरल्यावर कोणीतरी म्हणेलच, ‘इतक्या लांब आलोय तर टिळकांचं जन्मस्थान, थिबा राजवाडा आणि रत्नदुर्ग पण करूया, आणि जयगड तर पुढेच आहे.’ या माणसाला ठाण्यातच ओळखून ठेवा. ती सगळी ठिकाणं उत्तम आहेत आणि ती सगळी दुसऱ्या खेपेची आहेत. फार तर रविवारी गाडीच्या आधी रत्नागिरीत टिळकांचं घर होईल, त्याहून जास्त नाही.

५. गावातून स्मारकापर्यंत, पायी

साडेनऊच्या आत चालायला लागा. गाडी स्मारकाच्या दारात जाते, म्हणून सगळे दारात उतरतात आणि गाव बघायचं राहून जातं. तुम्ही बाजारपेठेपाशीच उतरा आणि तिथून विचारत जा. ‘केशवसुत स्मारक’ म्हटलं की शाळकरी पोरगंही हात दाखवतं.

अंतर थोडं आहे, त्यामुळे मुद्दाम हळू चाला. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, आत पोफळी आणि नारळ, मधूनच एखादा फणस रस्त्यावर वाकलेला. वाटेत कुणाच्या बागेत शिरून फोटो काढू नका. गडगा कमरेइतका असला तरी ती हद्द असते. ओटीवर कोणी बसलं असेल तर ‘जरा रस्ता विचारतो हां’ म्हणून थांबा. मला आजवर सगळ्यात चांगली माहिती अशा ओटीवरच मिळाली आहे, आणि एकदा पन्हंही.

गट लांबला की पुढचे स्मारकात आणि मागचे चहाच्या टपरीवर असं होतं. एक जण सगळ्यात पुढे, एक सगळ्यात मागे, हे ठरवून टाका. मागचा माणूस गप्पिष्ट नसावा.

६. स्मारकात: घर आधी, कविता नंतर, दालन शेवटी

इथे दीड तास द्यायचा आहे. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात आणि दर्शन आटोपलेल्या गाड्याही अकरानंतर इकडे वळतात. म्हणून दहाच्या आसपास आत असणं महत्त्वाचं.

आत गेल्यावर लोक जिथे गर्दी दिसेल तिथे जातात. क्रम असा ठेवा.

आधी घर. कवीचं जन्मघर जतन केलेलं आहे. चपला बाहेर. एका वेळी सात-आठ जणांपेक्षा जास्त नको, कोकणातली जुनी घरं खोल्यांनी लहान असतात. आत बोलू नका, नुसतं उभं राहून डोळे अंधाराला सरावू द्या. बाहेरच्या उन्हातून आल्यावर पहिली दोन मिनिटं काही दिसतच नाही, आणि नेमक्या त्या दोन मिनिटांत बहुतेक जण ‘बघितलं’ म्हणून बाहेर पडलेले असतात. थांबलात की हळूहळू भिंत, कोनाडा, दाराची ठेंगणी चौकट दिसू लागते. उंच माणसांनी डोकं सांभाळा. मी सांभाळलं नव्हतं.

मग आवारात, कविता कोरलेल्या दगडांपाशी. आता ठाण्यात वाटून दिलेल्या तीन कविता बाहेर काढा. झाडाच्या सावलीत सगळ्यांना अर्धगोलात बसवा आणि वाचणाऱ्याला गटाकडे तोंड करून उभं करा. दगडाकडे तोंड करून वाचलेलं मागे कोणाला ऐकू येत नाही. स्पीकर नको, माइक नको. आधी ‘झपूर्झा’, मग ‘आम्ही कोण?’, शेवटी ‘तुतारी’. ‘तुतारी’ने सुरुवात केलीत तर पुढच्या दोन्ही फिक्या पडतात, हे मी करून बघितलं आहे. दोन कवितांमध्ये मिनिटभर शांत बसा. लगेच अर्थ सांगायला कोणी मास्तर उठला तर त्याला प्रेमाने खाली बसवा.

शेवटी मराठी कवींचं दालन. इथे वाचायला भरपूर आहे आणि पाय दुखू लागलेले असतात, म्हणून ते शेवटी. सगळे फलक वाचायच्या भरीला न पडता प्रत्येकाने आपल्या आवडीचा एक कवी शोधावा, एवढंच काम द्या. मुलांना तर हा खेळच होतो.

तपासा: निघण्याआधी माणसं मोजा, चपला मोजा. आमच्या गटातले एक काका दुसऱ्याची सँडल घालून थेट जेवणाच्या घरी पोचले होते.

७. दुपार

जेवा आणि झोपा. खरंच. रात्र गाडीत गेलेली असते, साडेबारा ते चार या वेळात कोकणात उन्हात फिरण्यासारखं काही नाही. सोलकढी मागून घ्या, पण तीन ग्लास नको, संध्याकाळी चालायचं आहे.

८. मालगुंडच्या पुळणीवरून गणपतीपुळ्याला

चार-साडेचारला चहा घेऊन मालगुंडच्या किनाऱ्यावर या. इथून दक्षिणेला पुळ्याच्या दिशेने चालायचं. खूण सोपी: समुद्र उजव्या हाताला असला पाहिजे. डाव्या हाताला असेल तर तुम्ही उलटे चाललात.

पाऊल टाकण्याआधी किनाऱ्यावरच्या कोणालाही, जाळं सावडणारा असो की सरबतवाला, तीन प्रश्न विचारा: सुकती किती वाजता लागते? पुळ्यापर्यंत वाळूवरून जाता येईल का आज? मधे वहाळ (ओढा) लागतो का? पाणी अजून चढत असेल, किंवा तो ‘आज नको’ म्हणाला, तर वाद न घालता डांबरी रस्त्याने जा. तो हिशोब करून बोलत नाही, रोज बघून बोलतो.

चालायचं ते ओल्या, घट्ट वाळूवरून, पाण्याच्या रेषेपासून आठ-दहा पावलं आत. वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततात आणि पोटऱ्या भरून येतात. गटाच्या चालीने पाऊण ते एक तास लागतो. ज्यांना रिक्षाने पाठवायचं ठरलंय त्यांच्याकडे सगळ्यांच्या पिशव्या द्या आणि देवळाच्या बाजूच्या टोकाला भेटा.

इशारा, आणि हा गमतीत घेऊ नका: पुळ्याचा समुद्र दिसायला गुळगुळीत, पण पोहायला धोक्याचा आहे. इथे माणसं बुडतात, आणि ती बहुतेक बाहेरगावची असतात. पाणी ओसरत असताना ओढ आत असते. घोट्यापर्यंत पाय भिजवा, गुडघ्यापर्यंत नको. मुलांचा हात मोठ्यांच्या हातात असू द्या. ‘मला पोहता येतं’ म्हणणाऱ्यावर सगळ्यात जास्त नजर ठेवा. ठाण्याच्या तरणतलावात शिकलेलं इथे कामाला येत नाही.

सूर्य टेकेपर्यंत पोचायला हवं. अंधार पडल्यावर पुळणीवर राहू नका.

९. देऊळ आणि परतीचा दिवस

संध्याकाळी दर्शनाची रांग दुपारपेक्षा बरी असते. पाय धुऊन, वाळू झटकून आत जा. डोंगराची प्रदक्षिणा मात्र रविवारी सकाळसाठी ठेवा. साधारण एक किलोमीटरची आहे, आणि सकाळी सहा-साडेसहाला तिथे गारवा असतो. हीच प्रदक्षिणा लोक दुपारी बाराला अनवाणी करतात आणि मग तापलेल्या फरशीवर नाचतात.

रविवारी निघताना स्टेशनवर गाडीच्या तासभर आधी पोचायचा हिशोब धरा. आरे-वारेच्या रस्त्याला रविवारी दुपारनंतर गाड्यांची रांग लागते. दोन तास हाताशी ठेवून निघा, स्टेशनवर जास्त वेळ बसावं लागलं तरी चालेल. परतीच्या गाडीत जेवणाचे डबे उघडण्याआधी तिकिटावरची तारीख आणि डबा नंबर पुन्हा एकदा बघा. मी हल्ली फलाटावर एकदा, डब्यात शिरताना एकदा, आणि बर्थवर बसण्याआधी एकदा बघतो. गटातली मंडळी हसतात, हसू देत. पनवेल सोडलं की झोपलेल्यांना हलवायला लागा, कारण ठाण्याला गाडी थोडाच वेळ थांबते आणि दारापाशी दादरला उतरणाऱ्यांच्या बॅगा आधीच येऊन बसलेल्या असतात.